समुद्राच्या तळाशी मंगलोरी कवेलू



पावसाळा तोंडावर आला की मारेगावात अजूनही काही घरी कवेलू फेरायचं काम निघतं. माकडांनी फोडलेले काढायचे, नवे बसवायचे. चपट्या, खाचेच्या कवेलूला आपण सहज ‘मंगलोरी’ म्हणतो. मंगळूर इथून किती दूर, हे मनातही येत नाही.

१८६५ साली बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी मंगळुरात या कौलांचा कारखाना काढला. नदीकाठची चिकणमाती हाताशी, आणि माल न्यायला समुद्र. लाकडी शिडाच्या जहाजांतून कौलं किनाऱ्याकिनाऱ्यानं जात. पावसाळ्यात ही जहाजं वर ओढून ठेवत. म्हणजे आपल्या साधू-साध्वींचा चातुर्मास सुरू असताना तांडेलही घरीच!

गोव्याजवळ सेंट जॉर्ज रीफ नावाच्या खडकांपाशी असंच एक जहाज बुडालं. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना तिथे छपराची कौलं, फरशा, सांडपाण्याचे नळ, अगदी खांबाचा नक्षीदार माथाही मिळाला. सगळं भाजक्या मातीचं. त्यावर छाप होता, ‘बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५’. हे साल कारखान्याचं. जहाज बुडालं त्यानंतर कधीतरी. ते लाकडीच असावं असं मला वाटतं. खाऱ्या पाण्यात लाकूड किडे खाऊन टाकतात, भाजलेली माती मात्र टिकते.

हे वाचताना ज्ञाताधर्मकथेतले माकंदीचे मुलगे आठवले. अकरा सफरी सुखरूप झाल्या होत्या. आईवडील नको म्हणत असताना जिनपालित आणि जिनरक्षित बाराव्या सफरीला निघाले. वादळात जहाज फुटलं, दोघे एका फळीवर तरले आणि रत्नद्वीपाला लागले. पुढे मागे वळून पाहणारा जिनरक्षित गेला, जिनपालित चंपानगरीला पोचला. ही कथा मोहाची म्हणून सांगतात. मी कितीदा तरी ऐकली, पण जहाजावरच्या बाकी माणसांचं काय झालं, असं कधी विचारलं नाही. शेठाच्या मुलांची नावं आपल्याला पाठ आहेत, शीड ओढणाऱ्यांची नाहीत.

गोव्याच्या त्या जहाजावरही तांडेल असेल, खलाशी असतील. त्यांच्यापैकी कुणाच्या आईनंही नको म्हटलं असेल. पाण्यातून वर आलं ते कारखान्याचं नाव.

परवा एक फुटका कवेलू उलटा करून माती झटकली. छाप होता, अर्धाच. फेकवला नाही. तुळशीपाशी ठेवलाय.