हेंड्रा : तबेल्यातील विषाणू आणि अश्वपालकांचा हिशेब

१/ सप्टेंबर १९९४. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहराचे हेंड्रा हे उपनगर घोड्यांच्या शर्यतींसाठी प्रसिद्ध. तेथील प्रशिक्षक विक रेल यांच्या तबेल्यात ‘ड्रामा सिरीज’ नावाची आजारी, गाभण घोडी आणली गेली. रेल यांनी तिला स्वतःच्या हाताने भरवण्याचा प्रयत्न केला. दोन दिवसांत ती दगावली.

२/ पाठोपाठ इतर घोडेही धापा टाकू लागले. रेल आणि त्यांचा मोतद्दार दोघेही आजारी पडले. मोतद्दार वाचला, रेल त्याच महिन्यात मरण पावले. शास्त्रज्ञांना सापडला तो पूर्वी अज्ञात असलेला विषाणू. पुढे त्याला त्या उपनगराचेच नाव मिळाले : हेंड्रा.

३/ विषाणूचे मूळ घर १९९६ मध्ये उमगले : मोठी फळभक्षी वटवाघळे. त्यांच्या मूत्राने दूषित झालेला चारा घोडा खातो आणि बाधित होतो. वटवाघळाकडून थेट माणसाला लागण झाल्याची नोंद नाही. माणसापर्यंत हा रोग पोहोचतो तो घोड्यामार्फत, आजारी घोड्याची शुश्रूषा करताना किंवा मृत घोड्याचे शवविच्छेदन करताना.

४/ आजवर सात माणसांना लागण झाली; त्यांतील चौघे दगावले. २००८ आणि २००९ मध्ये प्रत्येकी एका पशुवैद्यकाचा बळी गेला. २०११ मध्ये तर एकाच वर्षात १८ ठिकाणी घोडे बाधित झाले. त्यापूर्वीच्या सर्व वर्षांची बेरीजही इतकी नव्हती.

५/ नोव्हेंबर २०१२ मध्ये घोड्यांसाठी लस आली. घोडा सुरक्षित तर माणूसही सुरक्षित, असा साधा तर्क होता. परंतु अनेक अश्वपालकांनी लस नाकारली. का?

६/ हे केवळ अज्ञान नव्हते. घोडा पाळणाऱ्याला धोक्याची सवय असते : पडणे, लाथ बसणे, हाड मोडणे हे नित्याचेच. त्यापुढे हजारो घोड्यांमागे क्वचित एखाद्याला होणारा रोग दूरचा वाटतो. ‘आमच्या कुरणात वटवाघळे येत नाहीत’ ही समजूतही त्यात मिसळते.

७/ दुसरे कारण पैशाचे. प्रारंभीचे डोस, पुन्हा ठरावीक काळाने वर्धक मात्रा, आणि प्रत्येक वेळी पशुवैद्यकाचे शुल्क. दहा घोडे असतील तर खर्च दहापट. शिवाय लसीनंतर सूज आल्याच्या आणि घोडा मंदावल्याच्या तक्रारी होत्या. ज्याला लेकरासारखे वाढवले, त्याला आपल्याच हाताने अपाय होईल ही भीती विषाणूच्या भीतीहून जवळची होती.

८/ पशुवैद्यकांची बाजूही तितकीच खरी. त्यांनी सहकारी गमावले होते. हेंड्राच्या घटनांत सुरक्षेची काळजी न घेतल्याबद्दल काही पशुवैद्यकांवर खटलेही भरले गेले. त्यामुळे अनेकांनी लस न दिलेल्या आजारी घोड्याला हात लावणे थांबवले. मालकांना ही अप्रत्यक्ष सक्ती वाटली. जुना विश्वास तुटला.

९/ २०१६ मध्ये क्वीन्सलँडच्या विधिमंडळाच्या समितीने या वादाची चौकशी केली. काही मालकांनी लस-उत्पादकाविरुद्ध सामूहिक दावाही लढवला. २०२२ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. जुलै २०२५ मध्ये क्वीन्सलँडमध्ये पुन्हा एक घोडा हेंड्राने मेला. त्याला लस दिलेली नव्हती.

१०/ हा इतिहास आपल्यापासून दूर नाही. सिलिगुडी (२००१) आणि केरळ (२०१८) येथे माणसे मारणारा निपाह हा हेंड्राचा सख्खा भाऊ. ‘हेनिपाव्हायरस’ हे कुळनाम या दोघांच्या नावांतूनच घडले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांतही निपाहच्या खुणा आढळल्या.

११/ लस प्रयोगशाळेत तयार होते. ती टोचायची की नाही, हे तबेल्यात ठरते. तेथे मालक एकट्याच्या खिशाचा हिशेब मांडतो, आणि चूक झालीच तर तिची किंमत मोतद्दार किंवा पशुवैद्यक मोजतो. हेंड्राच्या कथेतील खरा पेच हाच आहे.