जिताडा आणि पिसांचा गळ

पेण आणि रोह्याकडील खारेपाटांत घराशेजारच्या तळ्यांत जिताडा वाढविण्याची जुनी रीत आहे. पावसाळ्यांत खाडींतून धरून आणलेलीं पिल्लें तळ्यांत सोडावयाचीं, आणि पाहुणा आला कीं त्यांतला पोसलेला मासा काढावयाचा. हाच मासा बंगाल्यांत भेटकी आणि ऑस्ट्रेलियांत बॅरामंडी या नांवानें ओळखला जातो. तेथें मात्र त्याला पिसें बांधलेल्या गळानें खेळवून धरण्याचा हौशी लोकांना मोठा नाद आहे.

ही पिसांची विद्या फार प्राचीन. इ. स. २०० च्या सुमारास रोमन ग्रंथकार ईलियन यानें मॅसिडोनियांतील कोळ्यांचें वर्णन केलें आहे. तेथील नदींतले मासे पाण्यावर उडणाऱ्या एका माशीवर टपलेले असत. पण ती माशी हातांत धरली कीं तिचा रंग उडे, म्हणून आमिषाला ती निरुपयोगी. तेव्हां त्या लोकांनीं गळाला तांबडी लोकर गुंडाळून तीवर कोंबड्याचीं मेणाच्या रंगाचीं दोन पिसें बांधलीं. काठी सहा फूट आणि दोरीही तेवढीच! दक्षिण हिंदुस्थानांतही गळाचा छंद राजमान्य होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत (इ. स. ११३० च्या सुमारास) मत्स्यविनोदाचें स्वतंत्र प्रकरण आहे. जुन्या मराठी पंक्तींमुळें भाषाभ्यासकांना परिचित असलेला ग्रंथ तो हाच. राजाचा भर मात्र कोणत्या माशाला कोणतें खाद्य रुचतें यावर आहे.

परंतु पिसांचें कौतुक करतांना दोऱ्याचा विसर पडतो, आणि मासा निसटतो तो दोऱ्यापाशीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत इंग्लंडांतील लहान गळांना बहुधा नेढें नसे. दोरी गळाच्या दांड्याला लावून तीवर मेण चोळलेल्या रेशमाचे घट्ट वेढे द्यावे लागत. त्याच वेढ्यांत पीस अडकवीत. माशी बांधणें आणि दोरी जोडणें हीं दोन निराळीं कामें नव्हतींच. गळाजवळची दोरी रेशमाच्या किड्याच्या ग्रंथी ताणून काढलेल्या तंतूची असे. कोरडी बांधली तर ती तडके, म्हणून आधीं पाण्यांत भिजवीत. १९३८ सालीं नायलॉन जाहीर झालें आणि पुढें हा तंतु मागें पडला. पण नायलॉन गुळगुळीत. जुन्या गांठी त्यावर सरकूं लागल्या. मग वेढे वाढवावे लागले. गांठ ओली करण्याची चाल मात्र राहिली, कारण कोरडी आवळल्यास घर्षणाच्या उष्णतेनें धागा दुबळा होतो.

जिताड्यापुढें तर ही सारी दक्षताही अपुरी पडते. त्याच्या कल्ल्यावरील झांकणाची कड सुरीसारखी धारदार असते. बारीक दोरी तीवर घासली कीं संपली. म्हणून गळाजवळ थोडी जाड दोरी जोडतात, आणि सगळा भार त्या जाड-बारीक सांध्यावर येतो. सांधा तुटला तर मासा तोंडांत गळ घेऊनच जातो. शिवाय जिताडा आधीं नर असतो व वाढल्यावर मादी होतो. दोरी तोडण्याइतका थोर जिताडा म्हणजे बहुधा अंडीं घालणारी मादीच.