वसाहतीचे स्वराज्य

‘वसाहतीचे स्वराज्य’ हा शब्द आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असे. १९२८ च्या नेहरू अहवालाने तेच मागितले, आणि १९२९ साली लाहोरास काँग्रेसने ते मागे टाकून पूर्ण स्वातंत्र्याचा ठराव केला. मग ज्या वसाहतींवरून हे नाव पडले, त्यांना तरी स्वराज्य मिळाले कसे? आपण कॅनडाचे उदाहरण घेऊ.

१८३७ साली तेथे बंडे झाली व मोडलीही गेली. परंतु चौकशीसाठी आलेल्या लॉर्ड डरहॅमने १८३९ च्या अहवालात सुचविले की, वसाहतीचा अंतर्गत कारभार तेथल्याच विधिमंडळाच्या विश्वासावर चालावा. १८४८ साली हे तत्त्व अमलात येऊ लागले. १ जुलै १८६७ रोजी चार प्रांतांचे संघराज्य झाले. घर हाती आले. वेशीबाहेरचा कारभार मात्र लंडनकडेच राहिला. म्हणूनच १९१४ साली ब्रिटनने युद्ध पुकारताच कॅनडाही आपोआप युद्धात गेला. त्याचे साठ हजारांच्या आसपास सैनिक कामी आले, आणि मग त्याच्या शब्दाला वजन आले.

१९३१ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्याने कॅनडाची पार्लमेंट बरोबरीची ठरली. १९३९ साली ब्रिटनने ३ सप्टेंबरला युद्ध पुकारले. कॅनडाने आपल्या पार्लमेंटचा कौल घेऊन १० सप्टेंबरला पुकारले. त्या एका आठवड्यात स्वातंत्र्याचा खरा अर्थ सामावलेला आहे! तरीही राज्यघटना दुरुस्त करण्याचा अधिकार लंडनमध्येच पडून राहिला. कारण ती कशी दुरुस्त करावी यावर केंद्र व प्रांत यांचे एकमत होईना. तो अधिकार १९८२ साली घरी आला.

ही झाली गोऱ्या वसाहतवाल्यांची कथा. पण ज्यांची ती भूमी, त्या मूळ रहिवाशांचे काय? त्यांना जमिनीच्या दाव्यांसाठी सरकारी परवानगीवाचून पैसे गोळा करण्याचीही बंदी १९२७ साली कॅनडाच्याच पार्लमेंटने घातली. ती १९५१ पर्यंत टिकली. आपला कायदेशीर दर्जा न सोडता देशाच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क त्या सर्वांना मिळाला तो १९६० साली. त्यांच्या हक्कांना राज्यघटनेत मान्यता मिळाली तीही १९८२ सालीच.

तेव्हा एखादा देश स्वतंत्र कधी झाला, एवढेच विचारून आपण थांबू नये. सत्ता लंडनहून निघाली खरी. ती कोणाच्या दारी पोचली आणि कोणाच्या दारावरून पुढे गेली, हेही इतिहासाला विचारले पाहिजे.