मोटारीतले चामडे, माळावरचा तरवड आणि एक लाल भुकटी

१/
शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या मोटारीचे दार उघडून आतल्या चामड्यावरून बोट फिरवले, तर अनेकदा बोटाला विटकरी रंगाची भुकटी लागते. ती धूळ नव्हे, ते चामडेच असते. इंग्रजीत या रोगाला ‘रेड रॉट’ म्हणतात. तो जडलेले चामडे पुन्हा पूर्ववत होत नाही. मग प्रश्न उरतो तो एवढाच : ते काढून नवे बसवायचे, की आहे तसे राखायचे?

२/
आज चामड्याची आसने ही श्रीमंतीची खूण मानली जाते. आरंभी मात्र क्रम उलटा होता. मोटारींचे सांगाडे घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिरांनीच घडवले आणि बग्गीचा शिष्टाचारही सोबत आणला. गाडीवान बाहेर पावसात बसे, म्हणून त्याच्या आसनाला पाणी सोसणारे चामडे लावत. मालक आत बसे, म्हणून त्याला मऊ लोकरी कापड.

३/
विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतील लिमोझिनमध्ये हीच विभागणी दिसते : पुढे चालकाला चामडे, काचेच्या पडद्यामागे मालकाला उंची कापड. जपानमध्ये ही जाण अजून शिल्लक आहे. टोयोटाच्या ‘सेंच्युरी’ या प्रतिष्ठित गाडीत लोकरी आसनांचाच मान मोठा. चामडे आवाज करते, लोकर करत नाही.

४/
चामडे आत शिरले ते नकलेच्या मागून, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. १९१० साली ड्यूपाँ या अमेरिकी कंपनीने ‘फॅब्रिकॉइड’ नावाचे नकली चामडे बनवणारी कंपनी विकत घेतली. ड्यूपाँचा मूळ धंदा बंदुकीच्या दारूचा. धूररहित दारूचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज. सरकारी मागणी आटली तर हा माल कुठे खपवायचा, ही चिंता होतीच. कापडावर त्याचा लेप देऊन वर चामड्याचे कण उठवले की स्वस्त ‘चामडे’ तयार! फोर्डच्या मॉडेल टीमध्येही अशाच लेपित कापडाने खऱ्या चामड्याची जागा घेतली.

५/
इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या हाइड येथे याच जातीचे कापड बनत होते. त्याचे व्यापारी नाव ‘रेक्झीन’. मराठी घराघरांत रुळलेला हा शब्द मुळात एका कारखान्याची मुद्रा होता. पुढे नायट्रोसेल्युलोज जाऊन प्लॅस्टिकचा लेप आला. नाव तेवढे टिकले.

६/
स्वस्त गाडीत नकली चामडे आल्यावर खऱ्या चामड्याला प्रतिष्ठा आली आणि चालकाचे आसन मालकाच्या अंगाखाली गेले.

७/
आता त्या लाल भुकटीकडे. तिच्या कथेत सह्याद्री आणि दख्खनचे माळ येतात.

८/
कातडे कमावायला टॅनिन लागते आणि ते झाडांच्या साली-फळांत असते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनच्या चर्मोद्योगाला हिंदुस्थानातून हिरडा मोठ्या प्रमाणावर जाई. व्यापाऱ्यांनी त्याच्या प्रतींना ठिकाणांची नावे दिली होती; त्यांतली एक प्रत ‘व्हिंगोर्ला’, म्हणजे आपले वेंगुर्ले. दुसरीकडे, दक्षिणेत तरवडाच्या सालीत कमावलेली कातडी अर्धी तयार होऊन जहाजाने लंडनला पोहोचत. पिवळ्या फुलांचा, माळावर कुणी न लावता वाढणारा हाच तो तरवड.

९/
१९०० च्या सुमारास लंडनच्या ग्रंथालयांत विचित्र प्रकार ध्यानात आला. जुन्या पुस्तकांची चामडी बांधणी धडधाकट, तर अलीकडच्या तीस-चाळीस वर्षांतली हातात येताच सुटणारी. ‘सोसायटी ऑफ आर्ट्‌स’ने समिती नेमली. तिचे अहवाल १९०१ व १९०५ मध्ये आले. सर्वांत वाईट ठरलेल्या चामड्यांत तरवडात कमावलेल्या हिंदी कातड्यांचा नावानिशी उल्लेख होता.

१०/
कारण रासायनिक आहे. टॅनिनचे ढोबळमानाने दोन वर्ग. तरवड, मिमोसा, क्वेब्राचो यांचे टॅनिन कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड शोषून घेते. त्याचे सल्फ्युरिक आम्ल बनते आणि ते चामड्याचे तंतू आतून तोडते. सुमाक आणि हिरडा दुसऱ्या वर्गातले. त्यांनी कमावलेले चामडे हा मारा पुष्कळ अधिक सोसते. दोष तरवडाचा खरा, पण धूर कुणाच्या धुराड्यांतला होता, हेही विसरता येत नाही.

११/
तोवर दुसरी वाटही सापडली होती. १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमच्या क्षारांनी कातडे कमावण्याचे पेटंट घेतले. महिन्यांचे काम दिवसांवर आले आणि रेड रॉटचे भयही ओसरले. विसाव्या शतकात मोटारींचे चामडे बहुतांशी क्रोमचे झाले. म्हणून लाल भुकटी बहुधा सर्वांत जुन्या गाड्यांतच भेटते.

१२/
अशा गाडीच्या दारावरचा एखादा तुकडा बदलायचा, तर कारागीर आधी शिवण एकेक टाका करून उसवतो. सुटलेले जुने चामडे हाच नव्याचा साचा. तो पूर्ण कातड्यावर ठेवताना जागा पाहावी लागते : पाठीकडचा भाग घट्ट, पोटाकडचा सैल, पोटाचा तुकडा ताणून बसवला तर काही महिन्यांत झोळ येतो. मग रापीने कडा तासून पातळ करायच्या, म्हणजे दुमडल्यावर जाडी दिसत नाही. टाके मोजायचे ते जुन्या भोकांवरून. हे सारे रबरी पट्टीने घाईघाईत ताणून चिकटवण्यापेक्षा कितीतरी संथ काम आहे.

१३/
खरी गोष्ट उसवण्यात आहे. शिवणीच्या आत दुमडलेल्या पट्टीला ऊन लागलेले नसते, त्यामुळे तपकिरी दिसणाऱ्या आसनाचा मूळ रंग तिथे हिरवा किंवा तांबडा निघू शकतो. खाली घोड्याच्या केसांचे भरण असते, लाकडी चौकटीवर कधी बांधणाऱ्याच्या पेन्सिलच्या खुणा असतात. हा कागदोपत्री कुठेही नसलेला पुरावा. चामडे बदलणारा माणूस तो वाचणारा पहिला असतो, आणि बेफिकीर असेल तर शेवटचाही.

१४/
फार काळ संग्राहकांना याची पर्वा नव्हती. गाडी कारखान्यातून आल्यासारखी चकचकीत हवी असे. हवा पालटली. २०१२ मध्ये ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या जागतिक संघटनेने ‘ट्यूरिन सनद’ मान्य केली. तिचा कल स्पष्ट आहे : शक्यतो जतन, बदल कमीत कमी, आणि केलेल्या बदलाची नोंद.

१५/
बाजारही वळला. २०१५ मध्ये पॅरिसला फ्रान्समधील बायों संग्रहाचा लिलाव झाला. दशकानुदशके शेडमध्ये पडून राहिलेल्या गाड्या न पुसताच विकायला ठेवल्या होत्या. मासिकांच्या गठ्ठ्यांखाली दबलेली एक फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर १ कोटी ६० लाखांहून अधिक युरोंना गेली.

१६/
पण धूळ आणि रेड रॉट एक नव्हेत. धूळ ठेवता येते. लाल पडलेले चामडे मात्र बसणाऱ्याच्या प्रत्येक हालचालीला थोडे थोडे झडते. त्याला बांधून ठेवणारी द्रावणे आहेत. त्यांनी भुकटी थांबते, ताकद परत येत नाही. गाडी संग्रहालयात उभीच राहणार असेल तर तेवढे पुरते. ती रस्त्यावर धावणार असेल तर तुकडा बदलावाच लागतो. तेव्हा काळजीवाहू कारागीर उतरवलेला तुकडा फेकत नाही. कुठल्या दाराचा, कोणत्या दिवशी काढला, हे चिठ्ठीवर लिहून तो गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवतो, आणि नव्या तुकड्याच्या मागच्या, कुणाला न दिसणाऱ्या बाजूवर त्या वर्षाचा आकडा घालतो.