बुलढाण्याच्या ताराबाईंना बळ कुठून आलं?

एखादी पोरगी संकटात खचली नाही की आपण म्हणतो, ‘मुळातच धीट आहे ती.’ आम्हाला वाटतं, तो धीटपणा बहुतेक वेळा लहानपणी कुणीतरी पेरलेला असतो. आपल्याच जिल्ह्यातल्या ताराबाई शिंद्यांचं बघा.

त्यांचा जन्म 1850 च्या सुमारास बुलढाण्यातला. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क आणि जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. चार भावांत ही एकच बहीण. तेव्हा पोरींना शिकवायची रीत नव्हती. बापूजींनी तिला घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. लग्न लवकर झालं, पण नवरा घरजावई आला. बाकीच्या पोरींचं लग्नानंतर माहेर सुटायचं. ताराबाई मात्र शिकवणाऱ्या बापाच्याच घरी राहिल्या.

1881 मध्ये सुरतेकडं विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर खटला झाला. लोकलाजेपायी तिनं स्वतःचं बाळ मारलं, असा आरोप होता. आधी फाशी सुनावली, अपिलात शिक्षा कमी झाली. पण वर्तमानपत्रांतून समस्त बायकांनाच बोल लावणं सुरू झालं. तेव्हा तिशीतल्या ताराबाईंनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिलं. 1882 मध्ये ते पुण्यात छापलं, किंमत नऊ आणे. पुरुष बायको गेल्यावर दुसरी करतो, मग विधवेनंच का कोपऱ्यात बसायचं, असं त्यांनी रोखठोक विचारलं.

लोकांनी नावं ठेवली. जोतीरावांनी मात्र 1885 मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. तरी ताराबाईंचं दुसरं पुस्तक कधी आलं नाही. पहिलंही लोक विसरले. ते 1975 मध्ये पुन्हा छापलं गेलं. म्हणजे लहानपणी मिळालेल्या बळावर माणूस उभा राहतो खरा, पण पुढंही पाठीशी चार माणसं लागतात.

बापूजींनी लेकीला वेळ देऊन शिकवलं. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते लिहून झाले की एवढं बोला: आपल्या गल्लीत कोणत्या पोरीचे आईबाप कामाला बाहेरगावी गेलेत, कुणाची शाळा सुटायला आलीय? तिची रोज विचारपूस कोण करील, ते बैठक उठायच्या आत ठरवा.