‘हायपो’ की ‘हायपर’? रिपोर्टमधले शब्द असे वाचा

डिस्चार्ज कार्डावरचे अवघड इंग्रजी शब्द छोट्या तुकड्यांनी बनलेले असतात. सुरुवातीला ‘हायपो’ म्हणजे कमी, ‘हायपर’ म्हणजे जास्त. आपल्या ‘अल्प’ आणि ‘अति’सारखे. शेवटी ‘एमिया’ म्हणजे रक्तातली स्थिती, ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘एक्टमी’ म्हणजे तो भाग काढणे. म्हणून अपेंडिसायटिस हा आजार आणि अपेंडेक्टमी ही शस्त्रक्रिया.

मधुमेहात हा फरक जिवावर बेतू शकतो. हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर ७० मिग्रॅच्या खाली जाणे. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे. रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने काहीही देऊ नका. १०८ला फोन करा. हायपरग्लायसेमियात साखर आधीच वाढलेली असते. तिथे गोड देणे घातक.

राधानगरी किंवा गगनबावड्याहून कोल्हापुरातल्या डॉक्टरांना फोन करताना हे दोन्ही शब्द सारखेच ऐकू येऊ शकतात. म्हणून ‘साखर कमी’ की ‘साखर जास्त’ हे मराठीत सांगा आणि मशीनवरचा आकडाही वाचून दाखवा.