खाकीविषयीची आपुलकी

१५ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईतील पोलीस शिपायांनी काळ्या फिती लावून स्वातंत्र्यदिन पाळला. १८ ऑगस्टला त्यांच्या संघटनेच्या नेत्यांची धरपकड झाली आणि शहरात दंगल उसळली. शासनाने सैन्य बोलावले, संघटनेची मान्यता काढून घेतली. त्या दिवशी शिपायांबरोबर गिरणी कामगारही रस्त्यावर होते. त्यांचा स्वतःचा संप जानेवारीपासून चालू होता. एरवी मोर्चावर लाठी चालवणारा शिपाई कामगाराला आपला वाटला, कारण वरळी-नायगावच्या बी.डी.डी. चाळींत दोघांची बिऱ्हाडे होती. तुटपुंजा पगार आणि न संपणारी पाळी दोघांच्याही परिचयाची होती.

पुढे गिरण्या बंद पडल्या, मुंबईतली घरे परवडेनाशी झाली आणि ही माणसे मध्य रेल्वेच्या कडेने कल्याणपलीकडे सरकली. आज अंबरनाथ-बदलापुरात शिपाईही राहतो आणि कंत्राटी कामगारही. शेजार टिकला, आपुलकीचे स्वरूप मात्र बदलले. २०२४ साली बदलापुरात ते उघड झाले.

त्या ऑगस्टमध्ये शाळेतील दोन चिमुरड्यांवरील अत्याचाराची तक्रार नोंदवून घेण्यात दिरंगाई झाली. २० ऑगस्टला लोकांनी कित्येक तास रेल्वे रोखून धरली. लाठीमार झाला, दगडफेक झाली. रोष पोलिसांवरही होता आणि तो सकारण होता. २३ सप्टेंबरला आरोपी, म्हणजे त्या शाळेतील कंत्राटी सफाई कामगार, पोलिसांच्या गाडीत पोलिसांच्याच गोळीने मेला. त्याच बदलापुरात फटाके वाजले, पेढे वाटले गेले. हैदराबादेत डिसेंबर २०१९ मध्ये अशाच प्रसंगी पोलिसांवर फुले उधळली गेली होती.

आरोपीच्या दफनाला बदलापूर-अंबरनाथ परिसरात जागा मिळेना. न्यायालयात दाद मागावी लागली. अखेर २९ सप्टेंबरला, स्थानिकांचा विरोध असताना, पोलीस बंदोबस्तात उल्हासनगरला दफन झाले. शाळेच्या विश्वस्तांना ऑक्टोबरमध्ये अटक झाली. त्यांच्या वाट्याला वकील, अर्ज, सुनावणी असा रीतसर मार्ग आला. तो आरोपीच्याही वाट्याला यायला हवा होता, आणि त्या मुलींच्याही. गुन्हा न्यायालयात सिद्ध होणे हा त्यांचा हक्क होता.

खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, तेव्हा लोकांना झटपट निकालाचा मोह पडतो, हे आम्ही जाणतो. पण हा निकाल विश्वस्तांच्या दारापर्यंत पोहोचत नाही. तो सफाई कामगारापाशीच थांबतो. म्हणून त्याला न्याय म्हणणे आम्हांला जड जाते.

यात शिपायाचे तरी काय भले झाले? जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने गाडीतील पाच पोलिसांना या मृत्यूबद्दल जबाबदार धरले. पेढे वाटणारे त्यांच्याबरोबर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहणार नाहीत. आठ तासांच्या पाळीचा प्रयोग मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात सुरू व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. त्या मागणीसाठी कोणत्याही गावाने रेल्वे रोखली नव्हती.

१९८२च्या आपुलकीला शिपायाचा पगार ठाऊक होता, त्याची खोली ठाऊक होती. आजच्या आपुलकीला त्याचे पिस्तूल तेवढे दिसते. पिस्तुलावर जडलेली माया शिपायाला माणूस म्हणून ओळखत नाही, आणि ज्याच्यावर ते रोखले जाते त्यालाही नाही.